हललेले फोटो

मुलुंडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक गृहस्थ मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थांबले होते. सोबत त्यांची मुलगी.

"प्रांजल, सकाळी पाठवलेला फोटो बघितलास?"

"रिक्षाच्या सीटचा ना? बघितला, बाबा. माझ्या डिझाइनच्या फोल्डरमध्ये टाकला पण."

"आणि भाजीवालीकडच्या पडवळांचा?"

"तोही टाकला. अहो, आज तरी सुट्टी घ्यायची."

"रिटायर माणसाला कसली गो सुट्टी? तूच म्हणालेलीस, रस्त्यात छान रंग, नक्षी दिसली की पाठवा, कामाला येतं."

"येतंच. ते मिठाईचं खोकं केलं ना आम्ही, ते तुम्ही काढलेल्या फोटोवरूनच सुचलं. दिव्यांच्या माळेचा, तो हललेला."

"हललेला? कुठे हललाय?"

"सगळे रंग एकमेकांत मिसळलेत, बाबा. म्हणून तर ऑफिसात सगळ्यांना झकास वाटला."

"मला तर चांगला स्पष्ट दिसला होता तो."

"तेव्हाच तर मी डॉक्टरांना फोन केला."

"हं."

"घाबरलात?"

"छे! पण काय गो, उद्यापासून मला सगळं नीट दिसणार."

"मग चांगलंच आहे की!"

"हललेला फोटो मला लगेच कळेल. मी तो पुसून टाकणार. मग तुला माझा काय उपयोग?"

"काही पुसायचं नाही. फोटो काढायचा आणि न बघता मला पाठवायचा."

"न बघताच?"

"बघायला मी आहे ना, बाबा."