वाट न विचारण्याचं यंत्र

मंडळी, ऐका! एका टेबलावर सात वस्तू होत्या. वाट दाखवणारी यंत्रं तीन. त्यांच्या चार्जिंगच्या वायरी तीन. आणि वही एक. वहीत मी आखलेला तक्ता — ओळी तीन, रकाने अकरा, चौकटी तेहतीस. तेहतीसच्या तेहतीस भरलेल्या! टेबलाच्या या बाजूला मी बसलो होतो, त्या बाजूला माझे मामा. त्या तक्त्यात मामांसाठी रकाना नव्हता.

आता मला सांगा — माणूस वाट दाखवणारं यंत्र घेतो कशाला? वाट कळावी म्हणून? की वाट कोणाला विचारावी लागू नये म्हणून?

घाई करू नका. दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात, नाही का? मलाही वाटले होते.

बुक्का लागला, नमन झालं. आजच्या आख्यानात राजा नाही, ऋषी नाही, शाप नाही. एक मामा आहेत, एक मामी, एक गाडी आणि एक गाढव. गाढव कुठे म्हणून मागे वळून बघू नका! ते तुमच्यासमोर उपरणं घेऊन उभं आहे.

मामा तुम्हाला ठाऊक आहेत. दिगंबर साळवी. तरी बाहेरगावचे चार पाहुणे दिसतायत, त्यांच्यासाठी सांगतो. एस.टी.त एकतीस वर्षं ड्रायव्हर. आंबा घाट, कुंभार्ली घाट, धुकं, दरड, लग्नसराई — एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही! आणि आपल्या गावाची रीत काय? कोणाकडे नवी गाडी आली, की नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जातं. ते सगळीकडेच होतं. पण पहिली फेरी? घरापासून या देवळापर्यंतची? ती मामांच्या हातून! डॉक्टरांची मोठी गाडी असो नाहीतर परटाचा टेम्पो. मालक बाजूला बसणार, मामा चालवणार, आणि देवळापाशी उतरून किल्ली मालकाच्या हातावर ठेवत म्हणणार, ‘घ्या. हिला रस्ता दाखवलाय.’ बस. एवढं झालं की गाडी आपल्या गावची!

तर हे मामा निवृत्त झाले नि म्हणाले, ‘आयुष्यभर लोकांना पोचवलं. आता एकदा हिला शेजारी बसवतो आणि जगातल्या मोठ्या डोंगरात गाडी चालवतो.’

मी तेव्हा ऑस्ट्रियात एम.एस्सी. करत होतो. भौतिकशास्त्र! मी लिहिलं — या! इकडे कॅम्पर मिळते. म्हणजे चाकांवरचं घर. मागे पलंग, शेगडी, भांडी घासायला बेसिन.

मामी म्हणाल्या, ‘म्हणजे परदेशातही भांडी मीच घासायची!’

पण आल्या. मामांनी आंतरराष्ट्रीय परवाना काढला. मामींनी भाजणी घेतली. आणि मी? मी यंत्र निवडायला बसलो.

मंडळी, निवड कशी करावी हे मला विद्यापीठाने शिकवलं होतं. पहिलं यंत्र मोटारीचं, लहान. दुसरं म्हणजे फोनमधलंच. तिसरं मोठ्या गाड्यांसाठीचं, पाटीएवढं. विद्यापीठाच्या गच्चीवर मोजणीची एक पितळी खूण आहे, तिची जागा अचूक ठाऊक. तिथे प्रत्येक यंत्र पाच वेळा ठेवलं. लहान यंत्र सरासरी दोन मीटर चुकलं, मोठं चार मीटर चुकलं. मग एकाच प्रवासाचा रस्ता तिघांना विचारला. मोठ्या यंत्राने बावीस किलोमीटर लांबचा सांगितला! कापले गुण! उपग्रह शोधायला वेळ किती, आवाज स्पष्ट किती, उन्हात पडदा दिसतो किती — सगळं मोजलं. लहान यंत्र पहिलं आलं.

आणि मामांनी काय उचललं? मोठं! चष्मा कपाळावर सरकवून बघतायत आणि हसतायत.

‘मक्या, अरे हे बघ! हे आधी गाडीची चौकशी करतंय. उंची किती, रुंदी किती, वजन किती. ड्युटीवर चढताना आम्ही तरी दुसरं काय करायचो? आधी गाडी बघायची, मग रस्ता. हेच घेऊ.’

‘मामा, ते परीक्षेत शेवटून पहिलं आलंय.’

‘परीक्षा तू घेतलीस ना?’

‘हो, पाच-पाच वेळा!’

‘मग त्या परीक्षेत गाडी होती का?’

नव्हती, मंडळी! परीक्षा गच्चीवर झाली होती. उरलेली सायकलवर. सायकलच्या दांड्याला यंत्र बांधून मी गावभर हिंडलो होतो. — हसा, हसा. पेटीवाले काका, तुम्ही तर सूर सोडून हसताय!

मी तेव्हा हसलो नाही. म्हणालो, ‘मामा, ही एस.टी. नाही. यातलं तुम्हाला नाही कळायचं.’

मामांनी मोठं यंत्र टेबलावर ठेवलं. दोन्ही हातांनी.

आता एक गोष्ट सांगतो, जी त्या तेहतीस चौकटींत कुठेच नव्हती. मामा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रामने शहरात गेलो. उतरल्याबरोबर मामांनी एका गोऱ्या गृहस्थाच्या कोपराला हात लावला. ‘ओ भाऊ! स्टँड कुठे?’ शुद्ध मराठीत! मोठ्याने! तो गृहस्थ काय, हसला. हाताने वळणं दाखवली, वर मामांच्या पाठीवर थाप मारली. दोघांचं झकास जमलं. आणि मी? मी जाहिरातीच्या खांबामागे उभा होतो. तेवढ्यात माझ्या प्रयोगशाळेतली मुलगी तिथून गेली. तिने विचारलं, ‘हे कोण?’

मी काय सांगितलं असेल? सांगा ना. ज्यांनी मला सातवीपर्यंत शाळेत सोडलं, ज्यांच्या खांद्यावर बसून मी याच देवळातली पालखी बघितली — त्यांच्याबद्दल मी म्हणालो, ‘ओळखीचे आहेत.’

ओळखीचे!

आता कळलं ना, मला कोणतं यंत्र हवं होतं? जे खणखणीत बोलेल, सारखं बोलेल, म्हणजे मामांना खाली उतरून कोणाच्या कोपराला हात लावायला नको. दोन मीटर आणि चार मीटर हे सगळं नंतरचं.

निघालो. गाडी ताब्यात घेताना तिथला माणूस काचेवर बोट ठेवून मला काहीतरी समजावत होता. मी ‘हो, हो’ म्हणत माझं लहान यंत्र काचेवर चिकटवत होतो. रबराची गोल वाटी — दाबली की घट्ट! दोन दिवस काय सुंदर गेले म्हणून सांगू! मामा त्या डोंगरात अशी गाडी चालवत होते, की मागे ओट्यावर ठेवलेल्या मामींच्या चहाला हिंदकळा नाही. वळणावर हॉर्न द्यायचा नाही म्हटल्यावर तेवढे जरा कासावीस व्हायचे. यंत्र म्हणायचं डावीकडे, मामा डावीकडे. यंत्र म्हणायचं उजवीकडे, मामा उजवीकडे. एकदाही खाली उतरले नाहीत. मी खूश!

तिसरा दिवस. दुपार. एक अरुंद गाव. यंत्र म्हणालं — सरळ. आणि समोर रेल्वेचा जुना दगडी पूल, त्याच्या कमानीखालून रस्ता. बाजूच्या अंगणातून एक म्हातारी बाई, ॲप्रन बांधलेली, दोन्ही हात हलवत धावत आली. एक पंजा डोक्यावर आडवा धरला, असा! आणि काहीतरी ओरडली.

मामा म्हणाले, ‘मक्या, ती बाई सांगत्येय काहीतरी. उतरून बघतो.’

‘मामा, नका उतरू! मागे दोन गाड्या थांबल्यात.’

‘बोर्डावर दोन पॉइंट सात लिहिलंय.’

‘ते ट्रकवाल्यांसाठी असतं.’

‘आपली गाडी किती उंच आहे?’

‘यंत्र सरळ म्हणतंय ना? मग जाते! मामा, लोक बघतायत, चला ना!’

मागून मामी म्हणाल्या, ‘अहो, शिकलेला आहे तो. तो म्हणतोय तर चला.’

मामांनी माझ्याकडे बघितलं. कसं, ते मी सांगू शकत नाही. मग त्यांनी गिअर टाकला.

आवाज मोठा नव्हता, मंडळी. पत्र्याचा डबा हळूहळू फाडावा तसा होता. छतावरची खिडकी गेली, एसीचा खोका रस्त्यावर आला. मामींची भाजणी सगळ्या गाडीभर. कोणाला खरचटलं नाही. ती म्हातारी धावत आली, तिने मामींना हाताला धरून उतरवलं, पाणी दिलं. आणि काचेवरचं यंत्र अजूनही बोलत होतं — सरळ! सरळ!

मी ते ओढून काढलं. रबराची वाटी सुटली. तिच्याखाली, काचेवर, मुठीएवढा पिवळा कागद चिकटवलेला होता. त्यावर छापलं होतं, गाडीची उंची: दोन पॉइंट चौऱ्याण्णव.

मी तो झाकला होता. माझ्याच पहिल्या नंबराच्या यंत्राने!

इथे आख्यान संपलं असतं तर बरं झालं असतं. माणूस चुकतो, शिकतो, आपण आरती करून घरी जातो. पण लाज वाटावी अशी गोष्ट अजून यायची आहे.

तासाभराने गाडीच्या कंपनीच्या बाई आल्या. हातात फॉर्म. मामांना जर्मन येत नाही. मग मध्ये कोण? मी! बाईंनी विचारलं, ‘पुलाच्या आधी हे थांबले का नाहीत?’

हा प्रश्न मी मामांना सांगितलाच नाही.

का? कारण उत्तरात मी होतो! मी मामांना म्हणालो, ‘त्या विचारतायत, चूक कोणाची.’

मामा पुलाकडे बघत होते. म्हणाले, ‘स्टेअरिंग माझ्या हातात होतं. माझी.’

आणि या वाक्याचं मी अचूक भाषांतर केलं. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही! बाईंनी लिहून घेतलं — अपघाताचं कारण: चालकाची चूक. मामांनी खाली सही केली. मराठीत. सही करताना पेन दोनदा कागदावरून उचललं. मी शेजारी उभा राहून मोजलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ते तुम्हीच केलंत.

मामांच्या आधी बातमी गावात पोचली. ‘साळव्यांनी परदेशात गाडी पुलाला नेऊन लावली.’ ‘वय झालं हो.’ ‘हात गेला.’ मी परत आलो तेव्हा चहाच्या टपरीवर हे माझ्या कानावर पडलं. मी काय केलं? चहा प्यायलो. होही म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. आठ महिने! या आठ महिन्यांत गावात नव्या गाड्या आल्या नऊ. नारळ फुटले नऊ. नऊही मालक पहिली फेरी स्वतः मारून इथे आले. मामा ओटीवर बसून बघत होते. मामींनी एकदा विचारलं, ‘आज कोणी बोलावलं नाही?’ तर म्हणाले, ‘आता लोकांना येतं गं चालवता.’

काय? मागून काय म्हणतायत? मामा म्हणतायत, ‘पुरे रे, मक्या, आरती घे.’ नाही मामा. आठ महिने तुम्ही गप्प बसलात, ते माझ्यासाठी. आज तुम्ही बसून राहायचं. आज उतरायची पाळी माझी आहे.

मंडळी, मघाशी मी विचारलं होतं, यंत्र घेतो कशाला. माझं उत्तर मी दिलं. मला वाट नको होती. मला माझा माणूस झाकायचा होता! आता तुमचं बघा. तुमच्या घरात आहे ना एखादं असं माणूस? हॉटेलात वेटरला त्याच्या गावचं नाव विचारणारं? तुमच्या साहेबासमोर मोठ्याने हसणारं? त्याला तुम्ही काय म्हणता — ‘बाबा, तुम्ही गाडीतच बसा. मी बघतो.’ ‘आई, तू मध्ये बोलू नकोस.’ म्हणता की नाही? माना खाली का गेल्या? माझी आधी गेली आहे, तुम्ही मागून येताय. आणि ती माणसं आपल्यावर रागवत नाहीत हो! ती गाडीत बसून राहतात. वर आपल्याच चुकीवर सही करतात.

आणि ते नऊ मालक. या मंडपात सात तरी दिसतायत मला. मी खोटं बोललो हे खरं. पण तुम्ही एकतीस वर्षं ज्या हातात पोरंबाळं दिलीत, त्या हाताबद्दल एक ऐकीव वाक्य पुरलं तुम्हाला? एकानेही जाऊन विचारलं नाही, ‘मामा, झालं काय?’

तबक जरा खाली ठेवा. एक कागद वाचायचा राहिला आहे.

चार दिवसांपूर्वी ते यंत्र मी कपाटातून काढलं. फेकूनच देणार होतो. पण जाता जाता आत काय आहे ते बघितलं. गाडी कुठे होती आणि किती वेगात होती, हे ते दर सेकंदाला टिपून ठेवतं. त्या दुपारची नोंद शाबूत निघाली. मी ती छापली. काल कंपनीला पाठवली, सोबत माझं पत्र: त्या बाईंनी एक प्रश्न विचारला होता, तो मी चालकापर्यंत पोचवला नाही, त्याचं उत्तर हे. तेच आता तुम्हाला वाचून दाखवतो.

पुलाच्या आधी सत्तर मीटर: वेग ताशी चौतीस किलोमीटर. चाळीस मीटर: वेग एकोणीस. पंधरा मीटर: वेग सहा. नऊ मीटर: वेग शून्य.

गाडी थांबून राहिल्याचा काळ: सव्वीस सेकंद.