लग्नाशिवाय निघत नाहीत

बसा सगळे, काका, मावशी. मले भाषण येत नाही, अन् आज तर तोंडच उघडत नाही. बाबा जाऊन पुरा महिना नाही झाला. पण साहेब म्हणाले, ऑफिसात शोकसभा आहे, पोरीनं दोन शब्द बोलावं. म्हणून उभी राहिली.

आत्तापर्यंत सगळे हेच बोलले, की बडेबाबूनं, म्हणजे माझ्या बाबानं, या ऑफिसाले टॅक्स वाचवणं शिकवलं. खरं आहे. मार्च आला की राजापेठच्या आमच्या घरी तुमची रांग. बाबा सांगत, "पोरीच्या नावानं पोस्टात खातं काढा. भरलं तर वजावट. व्याजावर टॅक्स नाही. निघाले तवाही टॅक्स नाही." चहा मीच आणत होती. कप ठेवून आत जात होती. पैसे काढायचे कसे, ते काही ऐकलं नाही.

खातं माझंही होतं. बारावी झाली, बी.फार्मले नंबर लागला. मी म्हटलं, बाबा, माझ्या खात्यातले काढा न. बाबा म्हणे, "ते लग्नाशिवाय निघत नाहीत. नियम आहे." आता बाबाले नियम कोण शिकवणार? फी भरता आली नाही. सीट गेली. आता मी मेडिकलच्या दुकानात दुसऱ्याच्या हाताखाली गोळ्या काढून देते.

परवा पोस्टात गेली, बाबाचं नाव कमी कराले. खिडकीतल्या मॅडम म्हणे, "बाई, अठराची झाली तवापासून हे खातं तूच चालवू शकत होती. शिक्षणाले अर्धे पैसे तर दहावीनंतरच भेटत होते." मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्याईनं पुन्हा सांगितलं.

आई, ओढणी नको ओढू. मी बसत नाही.

बाबाले माहीत नव्हतं म्हणता? वानखडे काका, तुमच्या पोरीच्या इंजिनिअरिंगले अर्धे पैसे काढले, तो अर्ज कोणी भरला? बाबानंच न? माझ्या वेळी मात्र त्याईले वाटलं, राहू द्या पैसा, बिनटॅक्सचं व्याज वाढू द्या, पुढं जावई पाहू. माझ्यापेक्षा व्याज प्यारं झालं. मले राग येते. लय राग येते. अन् तरी सकाळी उठून त्याईचा चष्मा पुसून ठेवते, येड्यावानी.

बाबाले तर आता विचारता येत नाही. तुमाले विचारते. माझी सीट गेली, हे इथं सगळ्याईले माहीत होतं. नियमही माहीत होता. मग एकानं तरी काहून नाही सांगितलं? बडेबाबूच्या घरचा मामला, आपल्याले काय करायचं! असंच न?

यंदा मी बी.फार्मच्या प्रवेशाची परीक्षा पुन्हा देऊन राहिली. पैसे माझ्या सहीनं निघतीन. आशीर्वाद नका देऊ.

आता बाबासाठी दोन मिनिटं उभे राहा. गप राहा. ते तुमाले जमते.