ओळखीचा आवाज

परभणीच्या एका दवाखान्यात, आयसीयूबाहेरच्या बाकावर भागवतराव बसले होते. आत त्यांची बायको बेशुद्ध होती. शेजारी झरी गावच्या चतुराबाई. त्यांचा नवराही आतच. आवाज भरून घ्यायला डॉक्टरीणबाईंनी चतुराबाईंपुढे मोबाईल धरला होता.

“घरच्यांचा आवाज ऐकवला तर पेशंट लवकर भानावर येतो का, यावर आमचं संशोधन चालू आहे, मावशी. आधी काकांना नावानं हाक मारा.”

“त्येंचं नाव मी जल्मात घेतलं न्हाई. आता घेतलं तर त्येंला वाटंल, कोर्टात पुकारा व्हायलाय.”

“मग घरी कसं बोलावता?”

“आवो म्हणते.”

“तेच म्हणा.”

“आवो, ऐकायलाव का? म्हैस तुमच्याबिगर दूध द्यायना. चला आता घरी.”

डॉक्टरीणबाईंनी मोबाईल भागवतरावांकडे वळवला.

“काका, आता तुम्ही. काकूंशी दोन मिनिटं बोला.”

“दोन मिनिटं? इतकं आमी कधी बोललोच न्हाई.”

“घरी काय म्हणता त्यांना?”

“‘आगं, चहा टाक.’”

“आन् मग?” चतुराबाईंनी विचारलं.

“मग ती चहा आणती.”

“दादा, बेशुद्ध बाईलाबी कामच सांगता का?”

भागवतरावांनी मोबाईल हातात घेतला. तोंडाजवळ धरला.

“आगं,” ते म्हणाले, “चहा मी टाकलाय.”

“अजून बोला, काका. वेळ आहे.”

“साखरेचा डबा कुठं ठिवलाय, तेवढं सांग.”