सरकारी सरकी

निजामसरकार पेरायला फुकट सरकी देणार म्हणून कचेरीपुढं रांग लागली होती. माझ्या पुढं एक म्हातारी आणि तिच्या गावचा एक गडी उभा होता.

"कावून रडायलीस, काकू?"

"औंदा माझं नाव कापलंय, गहिनीनाथा."

"गेल्या सालची सरकी पेरली न्हवतीस का?"

"पेरली की! पर सरकारनं दिलीच उशिरा, उगवली न्हाई. साहेबांनी मोकळं रान बघितलं. तुझी उगवली?"

"मी कशाला पेरतोय? म्हशीला चारली."

"मंग साहेब बघाया आले तवा?"

"म्हनलं, रानात ऊन लई हाय. घरी बसवलं, बासुंदी वाढली. शेरवानीला हात पुसत म्हनले, बियाणं नामी हाय. औंदा मला दुप्पट मंजूर केलीय."

"आन् मी रं?"

"रडू नको, काकू. आधी एक म्हैस बघ."