मंगलताईंचं वाया गेलेलं वर्ष

जमलेल्या सगळ्यांनो, दत्तूभाऊ, मला बोलायला जमत नाही. मघापासून दोनदा उठलो, दोनदा बसलो. तरी बोलू द्या. आज नाही बोललो तर पुन्हा हिंमत होणार नाय.

मी गफूर. औरंगपुऱ्यात माझं मेडिकल आहे. मंगलताई, आपल्या दत्तूभाऊंच्या मिसेस, लासूर स्टेशनहून रोज यायच्या. बारा वर्षं माझ्या काउंटरवर होत्या. गेल्या सोमवारी तापाचं निमित्त झालं आणि गेल्या. चाळिशीसुद्धा नव्हती हो.

औषधं त्यांना तोंडपाठ. पण फार्मासिस्ट मी, त्या नाहीत. एका गिऱ्हाइकानं तोंडावर विचारलं, "बाई, तुम्ही शिकल्यात का यातलं?" लई लागलं त्यांना. मला म्हणाल्या, "भाई, माझं बी.ए. झालंय. डी.फार्मला घेत्यात का? जरा चौकशी करा ना."

दोन दिवसांनी मी सांगितलं, "अहो, तिथं बारावीची पोरं जातात. तुमच्याकडं तर डिग्री आहे. तुम्हाला कोण अडवतंय?"

त्या वर्षभर तयारी करत राहिल्या, फीचे पैसे साठवले. घरचं सगळं लावून दिलं. आणि प्रवेशाच्या खिडकीवर बाबूनं बी.ए.चा कागद बाजूला सारला. बारावी सायन्स पाहिजे. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी नाहीतर गणित. ताईंची बारावी आर्ट्सची. डिग्री तिथं कोण बघतं?

दुसरं कुणी असतं तर सोडून दिलं असतं. ताईंनी अकरावी सायन्सला नाव घातलं! आपल्या लेकीच्या वयाच्या मुलींत बसल्या. माझ्या काउंटरवर उभ्या उभ्या केमिस्ट्री पाठ केली. बारावी झाल्या, डी.फार्मला लागल्या. दुसरं वर्ष चालू होतं. शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती.

हिशोब साधा आहे. ते एक वर्ष वाया गेलं नसतं तर ताई फार्मासिस्ट होऊन गेल्या असत्या. झोप लागत नाही मला. दुकानात बसवत नाही.

लोक विचारायचे, तुमचं वर्ष कसं गेलं? ताई म्हणायच्या, "भाईंनी चौकशी केली तवा नियम दुसरा आसंल. मागनं बदलला. त्यांचा काय दोष?" माझ्यासमोर म्हणायच्या. मी गप्प. दत्तूभाऊ, तुम्हीसुद्धा परवा तेच म्हणालात. मी गप्प.

दत्तूभाऊ, नियम बदलला नव्हता. आधीपासून तोच होता. मी कुणालाच विचारलं नव्हतं. उस्मानपुऱ्यात कॉलेजला जातो म्हणालो आणि गेलोच नाही. मी स्वतः बारावी सायन्सवरून गेलेलो, पण डिग्री बारावीपेक्षा मोठी, चालत असेल, असं मनानंच ठोकून दिलं.

लगेच "असू द्या भाई" म्हणू नका. राग आला तर येऊ द्या.

आता सगळे उभे राहू या. इतकी वर्षं मी माझ्यासाठी गप्प राहिलो. ही दोन मिनिटं ताईंसाठी राहू या.