पाव्हण्यांसाठी झाडलेलं तळं

निपाणी-बेळगाव बसमध्ये पुढच्या सीटखालच्या पोत्यातून पाणी ओघळत माझ्या चपलेपर्यंत आलं.

“बाबगोंडाआप्पा, पोत्यात मासं हायत व्हय?”

“न्हाय गं धोंडूआक्का, जलपर्णी हाय. शेजारच्या गावातनं मागून आणलीया.”

“तळ्यातली घाण? ती घेऊन कुठं निघालाय?”

“आमच्या तळ्यात सोडाय.”

“डोकं फिरलंय काय तुमचं? तळं सुधाराय अनुदान मिळणार हुतं न्हवं?”

“मिळणारच हुतं. बेंगळूरचं सायेब बघाय येणार म्हटल्यावर आमच्या बायका म्हनल्या, पाव्हणं येत्यात, असलं घाण तळं दावायचं व्हय त्यास्नी? आख्खं गाव पाण्यात उतरलं. जलपर्णी काढली, गाळ काढला. काठावर रांगोळी बी घातली!”

“मग सायेब खूश झालं असतील.”

“लई खूश! म्हनलं, पाणी नितळ हाय, बगळं आल्यात, ह्या तळ्याला अनुदान कशाला पायजे? पोटभर ज्येवलं आन् गेलं.”

“अगं बाई! आन् आता?”

“आता हातापाया पडून पुन्ना बोलवलंय. पंधरा दिसांनी येणार हायत. तवर ही वाढली पायजे.”

“एका पोत्यानं काय हुतंय?”

“लई झपाट्यानं पसरती गं ती. थांब, घरातनं फोन आला... हॅलो? व्हय, आणली की. काय? कुणी सांगितलं त्यास्नी? आगं, आडीव त्यास्नी!”

“काय झालं, आप्पा?”

“पाव्हणं परत येत्यात म्हणून बायका खराटं घेऊन तळ्यावर गेल्यात!”