पाटलाचा साक्षीदार

हसू नका बे, त्या खटल्यात पाटलाचा साक्षीदार मीच होतो. पाटलानं विहिरीभोवती काट्यांचं कुंपण घातलं, गाव ओढ्याचं गढूळ पाणी प्यायला लागलं, म्हणून कुंभाराच्या सोनाबाईनं बीडच्या अदालतीत अर्जी दिली. मी पाटलाचा सालगडी. बैलगाडीत बीड येईस्तोवर त्यानं माझ्याकडून एकच घोकून घेतलं, “विहीर पाटलाची.”

अदालतीत मी तेच बोललो. न्याय देणारे मुन्सिफसाहेब हैदराबादचे, पण इचारलं आपल्या बोलीत, “तुझी बायको बाळंत झाली, तवा सव्वा महिन्यानं पाणी पुजायला कुठं गेली?”

“ह्याच विहिरीवर, हुजूर.”

“आन् तुझी माय?”

“तीबी हितंच.”

“पाटलाची परवानगी काढली होती?”

मला हसूच आलं. “पाण्याला हळदकुंकू वाहायला परवानगी कशाची, हुजूर? गावाचीच विहीर हाय की!”

मी काय बोलून बसलो ते पाटलाकडं बघितलं तवा कळलं. साहेबांनी आवाजबी चढवला न्हाई. लिहिलं आन् वाचून दाखवलं, कुंपण काढा, विहीर साऱ्या गावाची. एवढ्या चार शब्दांनी पाटलाची मान खाली गेली! असं मी जन्मात पाह्यलं नव्हतं.

पाटील मला तिथंच टाकून गेला. दोन दिवस पायी आलो.

पुढच्या महिन्यात पाटलाचीच सून बाळंतपणानंतर पाणी पुजायला आली आन् विहिरीपाशी अवघडून उभी राह्यली. सोनाबाईनं घागर बाजूला घेतली. म्हणली, “ये बाई, हितं कुनाची परवानगी लागत न्हाई.”